देवीची लस आणि मोठ्या माणसाच्या दंडावरचा फोड

ज्या वाचकांनी पन्नाशी ओलांडली आहे, त्यांनी आपला दंड किंवा हाताचा पुढचा भाग उजेडात धरून पाहावा. बहुतेकांना तिथे एक-दोन गोल, किंचित खोलगट, कडेने चुणी पडल्यासारखे व्रण दिसतील. ती देवीच्या लशीची खूण. आमच्या लहानपणी तिला कोणी लस म्हणत नसे. ‘पोराच्या देवी काढल्या का?’ असेच विचारले जाई. पन्नाशीच्या आतल्या मंडळींच्या डाव्या दंडावरही एक लहान व्रण असतो, पण तो क्षयरोगाच्या बीसीजी लशीचा. या दोन खुणांची गल्लत नेहमी होते आणि ‘मला देवी काढलेल्या आहेत’ असे तिशीतले तरुणही छातीठोकपणे सांगतात. ते बरोबर नसते.

देवीचा रोग जगातून गेला. भारतातील शेवटच्या रुग्णाची नोंद मे १९७५ मध्ये आसामातील करीमगंज येथे झाली. नैसर्गिकरीत्या लागण झालेला जगातील शेवटचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात सापडला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने देवी निर्मूलनाची घोषणा केली. आपल्याकडे सर्वांना देवी काढण्याचे काम त्याच सुमारास थांबले. मग आज या लशीबद्दल लिहिण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे की रोग गेला तरी लस गेलेली नाही. परदेशी सैन्यात किंवा संशोधनाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या काही लोकांना ती अजूनही दिली जाते. २०२२ आणि २०२४ साली मंकीपॉक्सच्या, म्हणजे ज्याला आता एमपॉक्स म्हणतात त्या रोगाच्या साथीच्या बातम्या आल्यापासून तिचे नाव पुन्हा कानावर येऊ लागले आहे. जिल्ह्यातील अनेक घरांतील मुले-मुली आज परदेशात आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला ही लस मिळते, आठव्या दिवशी दंड लालबुंद होतो आणि त्याचा फोटो इकडे आई-वडिलांच्या मोबाइलवर येऊन घरभर घबराट पसरते. ही घबराट बहुधा अनाठायी असते. पण ज्या गोष्टीची काळजी करायला हवी, ती मात्र सुटून जाते. म्हणून आजचा हा धडा.

लशीत असते काय?

१७९६ साली इंग्लंडमध्ये डॉ. एडवर्ड जेन्नर यांनी एका गवळणीच्या हातावरील काऊपॉक्सच्या, म्हणजे गाईच्या देवीच्या, फोडातील द्रव आठ वर्षांच्या मुलाला टोचला. त्याला नंतर देवीची लागण झाली नाही. हिंदुस्थानात ही लस पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. पुढे या लशीसाठी वासरांच्या अंगावर फोड आणून त्यातील लस गोळा करीत. बेळगावचे ‘व्हॅक्सिन डेपो’ हे मैदान आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्या नावामागे हीच लस आहे.

या लशीतील विषाणूचे नाव व्हॅक्सिनिया. हा देवीचा विषाणू नव्हे, त्याचा सौम्य भाऊबंद आहे. त्यामुळे या लशीने देवीचा रोग होत नाही. पण तो जिवंत असतो आणि टोचलेल्या जागी वाढतो. धनुर्वाताच्या किंवा कावीळ-बीच्या लशीत जिवंत जंतू नसतात, म्हणून तिथे दोन दिवस दंड दुखला की प्रकरण संपते. देवीच्या लशीचे तसे नाही. तिथे फोड यायलाच हवा. फोड आला तरच लस ‘लागली’ असे आपण म्हणतो. थोडक्यात, इतर लशींच्या बाबतीत जे बिघडल्याचे लक्षण ठरेल, ते इथे काम फत्ते झाल्याचे लक्षण आहे. हा एक मुद्दा पक्का ध्यानात ठेवला तर पुढचे सगळे सोपे जाते.

फोडाचे दिवस

ही लस इंजेक्शनने आत सोडत नाहीत. दोन टोकांची एक बारीक सुई लशीत बुडवून दंडाच्या कातडीवर भराभर पंधरा वेळा टोचतात. रक्ताचा बारीक ठिपका दिसला की पुरे. त्यानंतरचा क्रम साधारण असा असतो.

पहिले दोन दिवस विशेष काही दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या जागी लालसर, खाजणारी पुळी येते. पाचव्या-सहाव्या दिवशी तिच्यात पाणी भरते आणि मध्ये खळगी पडते. सातव्या ते नवव्या दिवशी पाण्याचा पू होतो व भोवती लाल वर्तुळ पसरते. आठव्या ते दहाव्या दिवशी हा प्रकार कळसाला पोहोचतो: दंड ठणकतो, काखेत अवधाण येते, अंगात कसर वाटते, डोके दुखते. त्यानंतर ओहोटी लागते. फोड सुकून काळपट खपली धरते आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस ती गळून पडते. कधी चौथा आठवडाही उजाडतो. मागे राहतो तो जन्मभराचा व्रण.

ज्यांना लहानपणी देवी काढलेल्या आहेत, अशा प्रौढाला पुन्हा लस दिली तर हाच क्रम घाईने आणि लहान प्रमाणात होतो. फोड लवकर येतो, लहान राहतो आणि लवकर सुकतो. शरीराला जुन्या पाहुण्याची ओळख पटलेली असते, असे म्हणू या. पण एखाद्या प्रौढाला आयुष्यात पहिल्यांदाच ही लस मिळाली तर प्रतिक्रिया चांगलीच जोरदार असते. अमेरिकेत ६८० तरुण प्रौढांना पहिल्यांदाच लस देऊन एक पाहणी झाली आणि ती २००२ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक जणांना कामावर किंवा कॉलेजात जाता आले नाही, खेळ बंद ठेवावा लागला किंवा झोप नीट लागली नाही. म्हणजे धडधाकट तरुणालाही ही लस दोन-चार दिवस अंथरूण दाखवू शकते. यात त्याच्या प्रकृतीचा काही दोष नाही.

सौम्य प्रतिक्रिया कोणत्या?

आता कातडीवर दिसणारे, भीती घालणारे, पण आपोआप बरे होणारे प्रकार एकेक पाहू.

१) लालबुंद दंड. फोडाभोवतीची लाली आणि सूज तीन इंचांहून मोठी होते, हात लावला तर गरम लागते, दुखते. पहिल्यांदा लस घेणाऱ्या प्रौढांपैकी दहांत एकापर्यंत लोकांना असे होते. ही विषाणूविरुद्ध शरीराने उघडलेली आघाडी असते. ती सहाव्या ते बाराव्या दिवसांच्या दरम्यान दिसते आणि कळस गाठल्यावर एक ते तीन दिवसांत ओसरू लागते. डॉक्टरही कधी कधी हिला जंतूंचा दाह समजून अँटिबायोटिक सुरू करतात. खरा जंतूंचा दाह इथे कमी आढळतो आणि तो बहुधा पहिल्या पाच दिवसांत किंवा महिना उलटल्यावर येतो. म्हणून लाली किती मोठी आहे यापेक्षा ती कितव्या दिवशी आली, हे विचारणे महत्त्वाचे. आठव्या-नवव्या दिवशीची लाली बहुधा लशीची असते.

२) काखेत अवधाण आणि लाल रेघ. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे आपल्याकडे शेतकऱ्यालाही सांगावे लागत नाही. दंडावरच्या फोडामुळे काखेत येते, इतकेच. कधी फोडापासून काखेकडे जाणारी फिकट लाल रेघही दिसते. दोन्ही आपोआप जातात.

३) शेजारचे लहान फोड. मुख्य फोडाच्या आजूबाजूला एक-दोन बारीक फोड येतात. ते मुख्य फोडाबरोबरच सुकतात.

४) चिकटपट्टीची खाज. हा प्रकार लशीचा नव्हेच. पट्टीच्या डिंकाने कातडी चिडते. तो ओळखायची खूण सोपी आहे. लाली गोल नसून पट्टीच्या आकाराची, सरळ कडांची असते. पट्टीची दिशा बदलावी किंवा कागदी पट्टी वापरावी.

५) अंगावर पुरळ. लशीनंतर एक-दोन आठवड्यांच्या काळात काहींच्या छाती-पाठीवर गोवरासारखे लालसर पुरळ उठते, तर काहींच्या अंगावर पित्ताच्या गांधी येतात. खाज सुटते, पण माणूस हिंडता-फिरता असतो. कधी तळहातावर-तळपायावर नेमबाजीच्या चक्रासारखे, मध्ये गडद आणि कडेला फिकट असे गोल चट्टे येतात. हे सर्व शरीराच्या प्रतिकाराचे पडसाद असतात. चट्ट्यांबरोबर तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले, तर मात्र ते सौम्यात मोजू नये.

६) केसांच्या मुळाशी पुळ्या. चेहरा, छाती, पाठ, हात यांवर मुरमांसारख्या बारीक पुवाच्या पुळ्या येतात. लशीचा विषाणू अंगभर पसरला, असे वाटून माणूस हादरतो. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील डॉक्टरांनी पहिल्यांदाच लस घेतलेल्या १४८ प्रौढांत हा प्रकार बारकाईने तपासला आणि २००३ साली प्रसिद्ध केला. चार जणांच्या अंगावर ठिकठिकाणी आणि अकरा जणांच्या अंगावर थोड्या जागी अशा पुळ्या आल्या होत्या. पुळ्यांतील द्रव तपासला तेव्हा त्यात लशीचा विषाणू सापडला नाही. पुळ्या आपोआप गेल्या.

एका गुरुजींच्या मुलाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या पत्नी दवाखान्यात आले. मुलगा अमेरिकेत संशोधन करतो, प्रयोगशाळेत या जातीच्या विषाणूंवर काम असल्याने त्याला देवीची लस दिलेली. गुरुजींनी मोबाइल पुढे केला. दंडावर पिवळा फोड आणि भोवती तळहाताएवढी लाली.

‘‘डॉक्टरसाहेब, हात कापायची वेळ तर येणार नाही ना?’’ गुरुजींनी विचारले. काकू म्हणाल्या, ‘‘मी त्याला हळद आणि कडुलिंबाचा लेप लावायला सांगितलंय. आणि इथून नेलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आहेत त्याच्याजवळ.’’

मी विचारले, ‘‘गुरुजी, लस कोणत्या तारखेला टोचली?’’ त्यांनी बोटांवर मोजून सांगितले, आज नववा दिवस. ताप किरकोळ होता, जेवणखाण ठीक होते, हात हलत होता. मी म्हटले, ‘‘लेप नको, गोळ्याही नकोत. हे व्हायचेच होते. कडेवर पेनने रेघ मारायला सांगा. ज्यांनी लस दिली त्यांना आजच फोन करून कळवू द्या. दोन-तीन दिवसांत लाली रेघेच्या आत येईल.’’

एवढ्यावर ती मंडळी निर्धास्त होऊन निघाली असती. पण या लशीच्या बाबतीत एक प्रश्न विचारल्याशिवाय रुग्णाला सोडू नये. तो मी विचारला: ‘‘तो राहतो कोणाबरोबर?’’ उत्तर आले, ‘‘दोन खोल्यांच्या घरात भाड्याने राहतो, आपल्याकडचंच एक जोडपं आहे बरोबर. त्यांचा दीड वर्षाचा बाळू याला काका काका करून सोडत नाही. बिचाऱ्याला जन्मापासून इसब आहे, अंग सारखं खाजवतो.’’

मी तिथूनच मुलाला फोन लावायला सांगितले. लशीआधी त्याला विचारले होते, ‘घरात कोणाला इसब आहे का?’ त्याने ‘नाही’ लिहिले होते. खोटे लिहावे असा त्याचा स्वभाव नव्हे. ‘घर’ म्हणजे आपले आई-वडील आणि बहीण, असे तो समजला. एकाच छपराखाली राहणारे, एकाच दोरीवर टॉवेल वाळत घालणारे भाडेकरू त्याच्या हिशेबातच नव्हते. त्याच संध्याकाळी तो मित्राच्या घरी राहायला गेला आणि खपली पडून नवी कातडी येईपर्यंत तिकडेच राहिला. लस देणाऱ्या डॉक्टरांनी त्या मुलावर लक्ष ठेवले. त्याला काही झाले नाही. दंडाची लाली सांगितल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी उतरली.

इसब असलेल्या मुलाची एवढी धास्ती का? तर फोड फुटला, पू टॉवेलला लागला आणि तो टॉवेल इसबाच्या फुटलेल्या कातडीवर फिरला, तर व्हॅक्सिनियाचा विषाणू त्या मुलाच्या अंगभर पसरतो. २००७ साली अमेरिकेत एका सैनिकाला लस दिल्यावर त्याच्या इसब असलेल्या लहान मुलाला असेच झाले. ते मूल कित्येक आठवडे रुग्णालयात होते. सुदैवाने वाचले. बापाच्या दंडावरचा फोड मात्र सर्वसाधारणच होता. म्हणजे ज्याला लस टोचली त्याच्यासाठी जी प्रतिक्रिया सौम्य, ती शेजारच्यासाठी सौम्य असेलच असे नाही. दंड लाल झाला म्हणून घरातले सगळे दंडाकडे बघत बसतात. बघायचे असते ते टॉवेलाकडे.

काय करावे, काय करू नये

फोड उघडा ठेवू नये. त्यावर स्वच्छ, कोरडी, सैल जाळीची पट्टी आणि वरून बाहीचा सदरा असावा. पट्टी ओली झाली की बदलावी. काढलेली पट्टी आणि पडलेली खपली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड बांधून टाकावी. खपलीतही विषाणू असतो, म्हणून ती कागदात जपून ठेवू नये की मुलांच्या हाती लागू देऊ नये.

पट्टीला हात लावल्यावर दर वेळी साबणाने हात धुवावेत. सर्वांत जास्त आढळणारा उपद्रव म्हणजे फोड खाजवून त्याच बोटाने डोळा, नाक, ओठ किंवा गुप्तांगाला स्पर्श करणे. तिथे नवा फोड उठतो. इतर ठिकाणचा फोड बरा होतो, पण डोळ्याचा जिवावर नाही तरी नजरेवर बेतू शकतो. टॉवेल, पंचा, चादर वेगळी ठेवावी व गरम पाण्यात साबणाने धुवावी. पोहायला जाऊ नये.

तान्ही मुले, गरोदर स्त्रिया, इसब असलेले, कर्करोगाचे उपचार किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे यांच्याशी अंगाला अंग लागेल असा संबंध खपली पडून कातडी भरेपर्यंत टाळावा. बोलण्या-बसण्याला हरकत नाही. विषाणू पसरतो तो स्पर्शाने.

दुखण्यासाठी व तापासाठी पॅरासिटामॉल, खाजेसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने सेटिरिझिनसारखी गोळी आणि दंडाला विश्रांती, एवढे उपचार पुरतात. हळद, कडुलिंब, राख, तेल, टूथपेस्ट यांपैकी काही लावू नये. औषधाच्या दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे मलम तर मुळीच नको. त्याने लाली झाकली जाते आणि विषाणूला मोकळे रान मिळते. आपल्याकडे कातडीला काही झाले की ही मलमे चोळायची सवय बोकाळली आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. फोड फोडू नये.

धोक्याच्या खुणा

सौम्य प्रतिक्रियेची एक खूण अशी की ती ठरलेल्या दिवशी येते आणि ठरलेल्या दिवशी उतरू लागते. हे वेळापत्रक चुकले की थांबू नये. पुढील गोष्टी दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दोन आठवडे झाले तरी फोड सुकत नाही, उलट पसरत आणि काळा पडत चालला आहे, आणि भोवती लालीही नाही. लाली नसणे हे इथे वाईट लक्षण आहे. शरीर लढतच नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो.

इसबाच्या जागी किंवा अंगभर पाणीदार फोड येत आहेत आणि ताप चढतो आहे.

डोळा लाल, दुखरा, पाणावलेला आहे.

डोके असह्य दुखते, माणूस बरळतो, झटके येतात.

छातीत दुखते, धाप लागते, धडधडते. ही लस पहिल्यांदा घेणाऱ्या प्रौढांमध्ये हृदयाच्या स्नायूला किंवा आवरणाला सूज येऊ शकते. एसीएएम २००० या लशीच्या चाचण्यांत हे प्रमाण साधारण १७५ जणांत एक असे आढळले. ही सूज पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येते. छातीचे दुखणे लशीच्या कणकणीत जमा करू नये.

मृत्यूचे प्रमाण पूर्वीच्या अनुभवावरून दहा लाख लोकांत एक ते दोन असे धरले जाते. देवीच्या गंभीर प्रकारात शंभरांतील सुमारे तीस रुग्ण दगावत आणि वाचलेल्यांपैकी अनेकांचे चेहरे व्रणांनी भरत, कित्येकांचे डोळे जात. एकट्या १९७४ साली भारतात देवीचे १ लाख ८८ हजारांच्या आसपास रुग्ण झाले आणि ३१ हजारांहून अधिक दगावले. हा हिशेब समोर ठेवला म्हणजे आमच्या आधीच्या पिढीने हा फोड का पत्करला, हे कळते. आणि रोग गेल्यावर तोच धोका सर्वांना पत्करायला लावणे योग्य नव्हते, म्हणून लस का थांबवली, हेही कळते.

नवी लस वेगळी

एमपॉक्ससाठी अलीकडे दिली जाणारी एमव्हीए-बीएन ही लस याच घराण्यातील, पण तिच्यातील विषाणू माणसाच्या शरीरात वाढू शकत नाही. तिचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने देतात. तिने फोड येत नाही, खपली धरत नाही आणि ती दुसऱ्याला लागत नाही. टोचल्या जागी दुखणे, लाली, सूज, गाठ व खाज एवढेच होते. कातडीच्या थरात टोचली तर गाठ आणि काळसर डाग काही आठवडे राहू शकतो. म्हणून परदेशातून ‘देवीची लस घेतली’ असा निरोप आला, तर पहिला प्रश्न ‘कोणती?’ हा विचारावा. आपल्या सरकारी लसीकरण कार्यक्रमात आज यांपैकी कोणतीच लस नाही आणि सर्वसामान्य माणसाने ती शोधत फिरण्याचे कारणही नाही.

म्हशींच्या देवी

हा विषाणू आपल्या गोठ्यापासूनही फार लांब नाही. म्हशींच्या सडांवर व कासेवर फोड आणणारा बफेलोपॉक्स हा व्हॅक्सिनियाचाच एक प्रकार आहे. महाराष्ट्रात त्याच्या साथी येऊन गेल्या आहेत. २००९ साली कोल्हापूर आणि सोलापूर जिल्ह्यांतील साथीत जनावरांबरोबर माणसांनाही लागण झाली होती. धार काढणाऱ्याच्या बोटांवर, हातावर खळगी पडलेले फोड येतात, काखेत अवधाण येते, ताप येतो. लशीच्या फोडाचे वर्णन वाचलेल्याला हे चित्र लगेच ओळखता येईल. देवी काढणे बंद झाल्यावर जन्मलेल्या पिढीला या विषाणूविरुद्ध लशीचे संरक्षण नाही. बोटावर असा फोड आला तर ‘माझी म्हैस कशी आहे?’ हे डॉक्टरांना न विचारता सांगा, फोड झाका, तो बरा होईपर्यंत धार दुसऱ्याला काढू द्या आणि जनावर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. उपचार वर सांगितले तेच. घरात इसब असलेले मूल असेल तर काळजीही तीच.

कात्रण करून ठेवण्याजोगे

फोड येणे म्हणजे लस लागणे. दिवस मोजा. आठवा ते दहावा दिवस सर्वांत त्रासाचा, त्यानंतर उतार पडलाच पाहिजे. मोठी लाली, काखेतले अवधाण, अंगावरचे साधे पुरळ आणि केसांच्या मुळाशी येणाऱ्या पुळ्या आपोआप बऱ्या होतात. अँटिबायोटिक व स्टिरॉइडचे मलम मनाने सुरू करू नका. फोड झाका, हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा. छातीत दुखणे, डोळ्याचा त्रास, बरळणे किंवा न सुकणारा फोड यांना उशीर चालत नाही. आणि घरात कोण-कोण आहे असे डॉक्टरांनी विचारले, तर त्या छपराखाली झोपणाऱ्या प्रत्येकाचे नाव घ्या. मग तो नात्याचा असो वा नसो.